चाकाखाली गेलेला लांडगा

प्रति,
जुने शस्त्रसंग्रह सांभाळणारे विश्वस्त, अभिरक्षक आणि शस्त्रप्रदर्शनं भरवणारी मंडळं यांना खुलं पत्र

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्यापैकीच एका संग्रहात गेले होते. तिथली एक धोप, म्हणजे सरळ पात्याची तलवार, मी २००९ पासून ओळखते. सरळ, लांब पातं, दोन्ही अंगांना तीन-तीन पन्हळी, म्हणजे लांब खाचा, वर मराठी धाटणीची मूठ. मुठीपासून चार बोटं खाली, मधल्या पन्हळीत, एक लांडगा होता. लांडगा म्हणजे नीटस चित्र नव्हे, छिन्नीचे दहा-बारा घाव. पाठीची एक लांब रेघ, पायांच्या चार तिरक्या, तोंडाच्या जागी उघडा कोन, आणि शेपटीच्या रेघेत ठोकून बसवलेली पितळेची बारीक तार. कुणी दाखवलं नाही तर ते ओरखडेच वाटावेत. तसेच ते वाटले. प्रदर्शनाआधी सगळ्या तलवारी उजळून घ्यायच्या असा ठराव झाला, पितळी भांड्यांना पॉलिश करणाऱ्या ठेकेदाराला काम दिलं गेलं, त्यानं आधी ॲसिडनं गंज उतरवला आणि मग विजेच्या चाकावर पातं धरलं. आता त्या पात्यात चेहरा दिसतो. लांडगा गेला. शेपटीच्या जागी मोहरीच्या दाण्याएवढा पितळेचा ठिपका तेवढा राहिला आहे.

तिथल्या कर्मचाऱ्यानं ती तलवार मला मोठ्या कौतुकानं दाखवली. "बघा ताई, कशी नव्यासारखी झाली!" त्याला मी बोल लावणार नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ठरावावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांनाही बहुधा कुणी सांगितलं नसेल. त्या संग्रहाचं नाव मी घेत नाही, कारण हे तिथेच घडलंय असं नाही. उजळलेल्या पात्यांवर अर्धवट उरलेली अक्षरं आणि बुजलेले शिक्के मी चार-पाच ठिकाणी तरी पाहिलेत. प्रत्येक वेळी गप्प बसून घरी आले. या वेळी गप्प बसवत नाही.

मी शिकलगाराच्या, म्हणजे शस्त्रांना धार नि झिलई देणाऱ्याच्या घरातली. तेव्हा चकाकीशी माझं वैर असायचं काही कारण नाही. चकाकीवरच आमची चूल पेटली. आजोबांची सहाण म्हणजे दोरीनं फिरवायचं चाक; ते लाखेत कुरुंदाची पूड मळून केलेलं होतं. एकानं दोरी ओढायची, दुसऱ्यानं पातं धरायचं. पण पातं सहाणेला लागण्याआधी आजोबांचा एक नेम होता. अंगठ्याच्या नखानं ते पन्हळीतून, पाठीवरून, मुठीच्या कडेनं चाचपत जायचे. नख कुठे अडखळलं की थांबायचे, उजेडाकडे तिरकं धरून बघायचे, तिथे मेण लावायचे आणि भोवती बोटभर जागा सोडून मगच पुढचं काम. आम्ही मुलं विचारायचो, तेवढीच जागा काळी का ठेवता? "करणाऱ्यानं नाव ठेवलंय. ते आपण खायचं नाही," एवढंच म्हणायचे. ते अक्षर कुठल्या भाषेतलं, हे त्यांना वाचता येत नव्हतं. ते जपायचं असतं हे मात्र पक्कं ठाऊक होतं. त्यांच्यामागे सहाण बंद झाली. मला त्यांची नखानं वाचायची सवय तेवढी मिळाली, आणि तिच्यापायी पातळ कागद, मऊ पेन्सिल नि बॅटरी घेऊन मी गेली बरीच वर्षं जिथे परवानगी मिळेल तिथल्या पात्यांवरच्या खुणा वहीत उतरवते आहे.

खुणांचं एवढं काय, असं आपल्याला वाटत असेल तर अगदी ताजी गोष्ट घ्या. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनानं लंडनच्या लिलावातून एक तलवार ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि ती वाजतगाजत मुंबईला आणली. ती नागपूरकर रघुजी भोसल्यांची, हे कशावरून ठरलं? पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्यानं लिहिलेल्या एका देवनागरी ओळीवरून. त्या ओळीत रघोजी भोसले हे नाव आहे, 'सेनासाहेब सुभा' हा त्यांचा किताब आहे आणि 'फिरंग' हा युरोपी पात्याच्या तलवारीसाठीचा शब्दही आहे. लोखंडावर चढवलेलं सोनं कागदाहून पातळ असतं. ते धरून राहावं म्हणून खाली फक्त बारीक जाळीदार ओरखडे काढलेले असतात. इतक्या वर्षांत कुणा हौशी माणसानं चिंच-राखेनं ती पाठ एकदा जोर लावून घासली असती, तर लिलावात ती 'युरोपी पात्याची एक मराठा तलवार' म्हणून गेली असती आणि तिच्यासाठी इथून कुणी उठून गेलं नसतं. आपल्या कपाटांत अशी एखादी ओळ गंजाखाली झोपलेली नाही, याची खात्री आपल्यापैकी कितीजण देऊ शकतात?

तर पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार घासण्याची.

पात्यावरची खूण खोल नसते. छिन्नीचा घाव असो की ठोकलेला शिक्का, केसाच्या जाडीच्या दोन-चार पट एवढाच तिचा जीव. चाक काय करतं, तर सगळा पृष्ठभाग त्या खोलीपर्यंत खाली आणतं. खूण पुसली जाते असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे खुणेभोवतीचं लोखंड जातं आणि खुणेला उभं राहायला जागाच उरत नाही. ते परत येत नाही. जौहरदार पोलादाचं पातं असेल तर त्याची लहरींची नक्षीही चाकाखाली दिसेनाशी होते. जाणकार कारागीर ती पुन्हा उठवू शकतो, कारण ती पोलादाच्या अंगातच असते. खुणेचं तसं नाही, ती वरवर असते. शिवाय चाकावर पातं तापतं. ज्यानं पात्याला पाणी दिलं त्याची मेहनत त्या तापण्यानं बिघडते. धारेवर निळसर-जांभळा पट्टा उठलेला दिसला की समजावं. आणि ॲसिड पन्हळीत, मुठीच्या सांध्यात मुरून बसतं. वरून पातं लखलखतं आणि आतून पुन्हा गंजत राहतं, आधीपेक्षा जोरानं.

जपानमध्ये तलवारीच्या मुठीतल्या दांड्यावर, म्हणजे जिथे घडवणाऱ्याची सही असते तिथे, गंजाला हात लावत नाहीत. बाकी पातं आरशासारखं ठेवतील, पण दांड्यावरचा काळा गंज हा वयाचा पुरावा मानतात. तो खरवडला की तलवारीची किंमत आणि विश्वास दोन्ही घसरतात. माझ्या आजोबांनी जपान नकाशावरही पाहिला नसेल. पण बोटभर जागा काळी ठेवण्यामागची बुद्धी तीच होती.

दुसरी तक्रार फलकांची. इथे मला जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण घासण्यानं पुरावा जातो आणि चुकीच्या फलकानं उरलेला पुरावा खोटा पडतो.

आपल्याकडच्या फिरंगांची पाती युरोपातून आली, हे आपण जाणताच. पोर्तुगीज गोव्यात १५१० मध्ये बसले, त्यांच्यामागून इतर आले, आणि जहाजांतून बिनमुठीची पाती उतरत राहिली. इथल्या कारागिरांनी त्यांवर आपली मूठ चढवली, हात झाकणारा परज जोडला. सरळ फिरंग आपल्या लढाऊ हातांना रुचली. दांडपट्ट्यांतही अशी पाती मुबलक. त्या पात्यांवर तिकडच्या लोहारांच्या खुणा आहेत आणि त्या खुणांना तिकडचाच अर्थ आहे.

आता लांडगा. तो मूळ पासाऊचा. डॅन्यूब नदीकाठचं हे गाव आज जर्मनीत आहे. लांडगा त्या गावाच्या मुद्रेवरही आहे. पासाऊची पाती नावाजली, तसा जर्मनीतल्याच झोलिंगन गावच्या लोहारांनी तोच लांडगा आपल्या पात्यांवर कोरायला घेतला. म्हणजे लांडगा दिसला की पातं पासाऊचंच, असं म्हणता येत नाही. तो कसा काढलाय, किती सुटसुटीत रेघांत, तार भरलीय की नाही, सोबत दुसरी खूण कोणती, यावरून काळाचा नि गावाचा अंदाज बांधावा लागतो. जुने लांडगे जरा तरी जनावरासारखे दिसतात, पुढे पुढे नुसत्या रेघा उरतात. अशा एका लांडग्याखाली एका प्रदर्शनात मी "वाघाचे चिन्ह : शौर्याचे प्रतीक" असा फलक वाचला. शेजारच्या काकू आपल्या नातवाला तो मोठ्यानं वाचून दाखवत होत्या. तो मुलगा आता ते खरं मानूनच मोठा होणार.

दातेरी विळ्यांच्या जोडीची तीच गत. दोन अर्धवर्तुळाकार रेघा, आतून बारीक दाते, टोकांना तीन-तीन ठिपके: विळ्याचं पातं विळ्यापुढे ठेवल्यासारखी ही खूण इटलीतल्या जेनोआच्या नावाशी जोडलेली आहे. तिची नक्कल इतक्या जणांनी केली की मोजदाद नाही. झोलिंगनमध्ये झाली, कॉकेशसमध्ये झाली, अफगाणांकडे झाली आणि आपल्या इथल्या लोहारांनीही केली, कारण गिऱ्हाईक ती खूण बघून पातं घ्यायचं. तेव्हा विळे असलेलं पातं जेनोआचंही असू शकतं आणि दख्खनचंही. दाते एकेक हातानं काढलेत की एकाच ठशानं उठवलेत, दोन्ही विळ्यांच्या मधलं अंतर सारखं आहे का, लोखंड कसलं आहे, हे बघितल्याशिवाय बोलू नये. फलकावर मात्र असतं "चंद्रकोर, राजचिन्ह". चंद्रकोरीला दाते कुठून आले, हा प्रश्न फलक लिहिणाऱ्याला पडत नाही.

आकड्यांबद्दल तर मला फार वाईट वाटतं. सतराव्या शतकातल्या जर्मन पात्यांवर १४१४ हा आकडा पुन्हा पुन्हा सापडतो. तो साल नाही; धारण करणाऱ्याचं रक्षण करणारा आकडा म्हणून तो घालत असावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे. आपल्याकडे एका पात्याखाली "निर्मिती : इ. स. १४१४" असं ठळक छापलेलं मी वाचलं. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. म्हणजे त्याच्या ८४ वर्षं आधीच ते पातं तयार होतं, आणि त्यावर दोनशे वर्षांनंतरची मूठही चढली होती, असं आपण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो आहोत.

नावांचाही असाच घोळ. 'आंद्रेआ फेरारा' हे नाव वाचलं की फलकावर "इटालियन कारागीर आंद्रेआ फेरारा याने बनवलेली" येतं. तो सोळाव्या शतकातला उत्तर इटलीतला खरा लोहार होता, पण त्याच्यामागे शंभर-दीडशे वर्षं झोलिंगनवाले त्याचं नाव पात्यांवर घालत राहिले, कधी एक र, कधी दोन, कधी स्वरच चुकलेला. स्पेनमधल्या तोलेदोच्या नामांकित लोहारांची नावंही अशीच उसनी घेतलेली सापडतात. इराणी पात्यांवरच्या 'अमल-ए-असदुल्ला इस्फहानी' या सहीचं काय? शाह अब्बासाच्या (१५८७ ते १६२९) काळाशी जोडलेलं हे नाव इतक्या पात्यांवर आणि इतक्या वेगवेगळ्या काळात येतं की ते एका माणसाच्या हातून होणं शक्य नाही. ते नाव म्हणजे चांगल्या मालाची हमी होऊन बसलं होतं. याला कुणी लबाडी म्हणेल. मला त्यात त्या काळचा बाजार दिसतो: कोण कुणाच्या नावावर विकत होता, आणि दूरच्या गिऱ्हाइकाला कुठलं नाव ओळखीचं होतं. चुकलेलं स्पेलिंगही म्हणूनच मोलाचं. घासताना सगळ्यात आधी तेच जातं.

आणि काही खुणा श्रद्धेच्या. चार खणांच्या चौकटीत ब, द, व, ह ही अरबी अक्षरं दिसली की तो 'बदूह'चा ताईत. अक्षरांची किंमत २, ४, ६, ८. तो हिशेब वाचणाऱ्यांच्या ध्यानात यायला हवा, पण मी एका ठिकाणी त्याला "तलवारीचा अनुक्रमांक" म्हटलेलं पाहिलं.

इथे एका नाजूक विषयाला हात घालते, तोही आदरानंच. छत्रपती शिवाजी महाराजांची म्हणून ओळखली जाणारी जी 'जगदंबा' इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे, ती १८७५-७६ च्या दौऱ्यात कोल्हापूरकर छत्रपतींकडून तिकडच्या युवराजाकडे गेली. तिचं पातं सरळ, युरोपी आहे आणि त्यावर आय, एच, एस ही तीन अक्षरं आहेत. ही येशूच्या ग्रीक नावातली पहिली तीन अक्षरं. युरोपातल्या कितीतरी पात्यांवर ती सापडतात. काही लोकांना ही गोष्ट सांगायला संकोच वाटतो. मला वाटत नाही. चांगलं पोलाद जिथून मिळेल तिथून घ्यावं, त्यावर आपली मूठ चढवावी आणि ते आपल्या कामी लावावं, ही त्या काळच्या दख्खनची नजर त्या तीन अक्षरांत जशीच्या तशी उमटलेली आहे. असल्या खुणा झाकायच्या नसतात, नीट समजावून सांगायच्या असतात.

तिसरी तक्रार नोंदवहीची, ती थोडक्यात सांगते. बहुतेक ठिकाणी नोंद अशी : "तलवार, लोखंडी, एक नग, मूठ गंजलेली." बस. खुणेचा उल्लेख नाही, फोटो नाही, लांबी नाही. घासण्याआधी खूण होती हे मी आता कुणाला पटवून देणार? माझ्या वहीतला पेन्सिलचा छाप सोडला तर तिचा पुरावाच नाही. त्यातून अनुक्रमांक टाकायला रंग आणि ब्रश घेऊन बसलेला माणूस नेमकी मुठीजवळची सपाट जागा निवडतो, आणि खुणा बहुतेक तिथेच असतात. एका पट्ट्यावर लोहाराच्या शिक्क्यावरच पांढऱ्या ऑइलपेंटनं ४७ लिहिलेलं आहे.

चौथी तक्रार मुठी काढण्याची. मुठीच्या बुडातून दोन पट्ट्या पात्यावर उतरतात आणि खिळ्यांनी पक्क्या केलेल्या असतात. त्यांच्याखाली पुष्कळदा मूळ शिक्का अर्धा झाकलेला असतो. मुठीत जुनी लाख असते. मूठ हलते म्हणून ती तापवून काढायची, लाख फेकायची आणि आत दोन भागांचं चिकटद्रव्य ओतायचं, हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला. तलवारीला मूठ कधी चढली, एकदा चढली की बदलली, हे त्या लाखेवरून, खिळ्यांवरून आणि पट्टीखालच्या गंजावरून कळतं. हलणारी मूठ हलती राहू द्या. तलवार आता कुणावर चालवायची नाही.

खंडेनवमीबद्दलही बोललं पाहिजे. शस्त्रपूजन आपलं आहे, ते व्हायलाच हवं. आमच्या घरी सहाणेचीही पूजा व्हायची. पण ओली हळद, कुंकू आणि फुलांचं पाणी थेट पात्यावर लावून ती तलवार दुसऱ्या दिवशी तशीच कपाटात जाते. वर्षभरानं त्या जागी खड्डे पडलेले असतात आणि मग तेच खड्डे काढायला चाक येतं. मुठीला हळदकुंकू लावावं, पात्यापुढे फुलं ठेवावीत, पात्याला कोरडं फडकं आणि तेलाचा हात. आजोबा एवढंच करायचे आणि त्यांच्या भक्तीत काही कमी नव्हतं.

आपल्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. निधी अपुरा, माणसं कमी, पावसाळ्यात भिंतींना ओल, आणि वर "तलवारी किती कळकट ठेवल्यात" म्हणणारे पाहुणे. लोकांना चमक हवी असते, असं मला तोंडावर सांगितलंही गेलं. मला तसा अनुभव नाही. जिथे जिथे मी बॅटरीचा उजेड तिरका धरून एखाद्या शाळकरी पोराला पन्हळीतला शिक्का दाखवला, तिथे त्याच्यामागे दहा डोकी वाकून बघायला आली. काळपट पात्यातून एकदम दोन अक्षरं वर येतात तेव्हा माणसं श्वास धरतात. ते दाखवायला एक दिवा आणि एक भिंग लागतं, ठेकेदार लागत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

पॉलिशचं काम जिथे चालू असेल तिथे ते आजच्या आज थांबवावं. ॲसिड, विजेचं चाक, सॅंडपेपर, तारेचा ब्रश आणि पितळ चमकवायची पेस्ट यांतलं काहीही पात्याला लागता कामा नये. सैल गंज काढायचा तर तो धातूच्या संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाच्या देखरेखीखाली, खूण झाकून. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांपुढची तलवार खाजगी माणसाला परदेशी नेता येत नाही. तिची इथेच माती होऊ नये एवढं तर आपल्या हातात आहे.

प्रत्येक पात्याची नोंद व्हावी. दोन्ही अंगं, पाठ आणि मुठीचं बूड यांचे फोटो, शेजारी मोजपट्टी, उजेड एका बाजूनं तिरका. समोरून फ्लॅश मारला तर खूण दिसतच नाही. खूण मुठीपासून किती अंतरावर, कोणत्या अंगावर, किती लांबीची, ठोकलेली की कोरलेली, तार भरलेली की रिकामी. नुसत्या लोखंडावर पातळ कागद ठेवून पेन्सिलनं हलका छाप घेता येतो, मात्र सोनं-चांदी असेल तिथे कागदही टेकवू नये, फोटोच घ्यावा. हे काम कॉलेजातली इतिहासाची मुलं आनंदानं करतील. एका दिवसात दोघं मिळून पंधरा तलवारी सहज होतात, मी केल्यात.

फलकावर आधी जे दिसतं ते लिहावं, मग त्याचं वाचन, मग शंका. "धावत्या जनावराची खूण, युरोपी लांडग्याच्या खुणेशी मिळतीजुळती, झोलिंगनची असण्याची शक्यता" एवढं पुरे. आणि अर्थ लागत नसेल तर "अर्थ लागलेला नाही" असं लिहायला कमीपणा वाटून घेऊ नये. इंग्लंडात विदम नदीत १८२५ मध्ये सापडलेल्या एका मध्ययुगीन तलवारीवर सोन्याच्या तारेनं १८ अक्षरं भरलेली आहेत. २०१५ मध्ये ती लंडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मांडली, तेव्हा त्यांनी जगाला सरळ विचारलं की आम्हाला हे वाचता येत नाही, तुम्हाला येतं का? पुष्कळ लोकांनी डोकं लढवलं. सर्वमान्य उत्तर अजून नाही. तिची अक्षरं शाबूत होती, म्हणून निदान प्रश्न तरी विचारता आला.

जुन्या फलकांपैकी जे उघड चुकीचे आहेत, ते या वर्षात बदलावेत. आणि नोंदी, फोटो अभ्यासकांना खुले करावेत. "फोटोला मनाई" ही पाटी कपाटाच्या काचेवर ठेवून चाक मागच्या दारानं आत येऊ देणं, ही राखण नव्हे.

ज्या घराण्यांकडे देवघरात एखादी तलवार आहे, त्यांनाही या पत्रातून हात जोडून सांगते : दसऱ्याआधी तिला भांड्यांच्या पावडरीनं घासू नका. एकदा उन्हात तिरकी धरून पाठ आणि पन्हळ बघा. आपल्या पणजोबांच्याही आधीचं कुणी काही लिहून ठेवलेलं असेल.

आता त्या संग्रहाच्या विश्वस्तांना, ज्यांना आपली ओळख या पत्रातून पटलीच असेल. आपल्या लांडग्याचा छाप माझ्या वहीत आहे. लांबी पावणेदोन इंच, तोंड टोकाकडे, शेपूट मुठीकडे. मूळ कागद मी आपल्याला द्यायला तयार आहे. तो त्या तलवारीशेजारी लावावा आणि खूण आता कागदावरच का उरली, तेही खाली लिहावं. आपल्या बावीस तलवारींपैकी अकरा चाकावर जाऊन आल्या. उरलेल्या अकरा मागच्या खोलीत गोणपाटात गुंडाळलेल्या आहेत. त्यातल्या एकीवर दातेरी विळे आहेत. दुसरीच्या पाठीवर सात-आठ अक्षरं आहेत, ती मला अजून लागलेली नाहीत. त्यातलं तिसरं देवनागरी 'र' असावं असं नखाला वाटलं होतं, तेव्हाच उजेड गेला आणि दार बंद करायची वेळ झाली. ठेकेदार पुन्हा यायच्या आत मला तिथे अर्धा दिवस द्या. बॅटरी, कागद आणि मेण मी घेऊन येईन.

कळावे,

आपली,
एका शिकलगाराची नात